स्लाइड हॅमरच्या टोकावर आटे कोणते, ते कोरा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: स्लाइड हॅमर पुलरच्या अटॅचमेंट शोधणे आणि बनवणे

महोदय,

स्लाइड हॅमर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ठोक्याने बाहेर ओढणारे हत्यार, बहुतेक गॅरेजांत आणि डाय-मोल्डच्या (साच्यांच्या) कारखान्यांत असतो, पण बऱ्याच ठिकाणी तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. खरे तर या हत्यारात बिघडण्यासारखे काही नाही. एक दांडा, त्यावर सरकणारे वजन, मागे वजन आदळण्यासाठी अडसर आणि पुढच्या टोकाला आटे. दांडा आणि वजन वर्षानुवर्षे टिकतात. हरवते, तुटते किंवा पहिल्यापासूनच नसते ती पुढच्या टोकाला लावायची अटॅचमेंट, आणि ती नसली की बाकीचे सगळे निरुपयोगी. मग बेअरिंग छिन्नीने ठोकून काढले जाते, हाउसिंगला ओरखडे पडतात आणि दोष जुन्या बेअरिंगला दिला जातो.

या अडचणीचे मूळ अगदी साधे आहे. दांड्याच्या टोकावर आटे कोणत्या मापाचे आहेत हे उत्पादक दांड्यावर कोरत नाहीत, आणि खोक्यावर नुसते ‘युनिव्हर्सल’ छापतात. त्यामुळे वेगळी घेतलेली अटॅचमेंट बसत नाही, आणि बसली असे वाटले तरी पहिल्या दहा ठोक्यांत आटे चिरडतात. दांड्यावर आटे कोरणे उत्पादकांनी सुरू करावे, ही या पत्रातली मुख्य मागणी. ती मान्य होईपर्यंत आटे ओळखायचे कसे आणि अटॅचमेंट मिळवायची किंवा बनवायची कशी, हेही लिहीत आहे, कारण रोजचे काम त्याच्यावाचून अडते.

आधी आटे ओळखण्याचे. टोक तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या, तोही टोकाच्या झिजलेल्या पहिल्या दोन आट्यांवर न घेता थोडा आत. मग पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतले अंतर, मोजायला पिच गेज लावा. ते नसेल तर पट्टी ठेवून एका इंचात, म्हणजे २५.४ मिमीत, किती आटे येतात ते मोजा. अमेरिकी पद्धतीच्या बऱ्याच स्लाइड हॅमरांवर ५/८ इंच, इंचाला १८ आटे, यूएनएफ (अमेरिकी पद्धतीचे बारीक आटे) हे माप असते. त्याचा व्यास १५.८७५ मिमी आणि पिच १.४११ मिमी. मेट्रिक एम १६, पिच १.५ याचा व्यास १६ मिमी. वापरलेल्या दांड्यावर आट्यांची शिरे थोडी झिजलेली असतातच, त्यामुळे नुसत्या व्यासावरून हे दोन ओळखता येत नाहीत. पिचमधला फरक एका फेरीला ०.०९ मिमीपेक्षाही कमी, पण आठ फेऱ्यांत तो सुमारे ०.७ मिमी होतो. म्हणूनच चुकीचा नट दोन-चार फेऱ्या बोटांनी जातो आणि मग अडतो. इथे पाना लावून रेटले की दोन्हीकडचे आटे गेले. एका इंचात मोजताना १७ आणि १८ यांत गफलत होते. आट्यांचा भाग पुरेसा लांब असेल तर दोन इंच मोजावेत. यूएनएफला ३६ आटे भरतील, मेट्रिकला ३४.

पाच सुती, म्हणजे ५/८ इंची, दांड्यावर इंचाला ११ आटे भरले तर आणखी एक खाचखळगा आहे. ५/८ यूएनसी (अमेरिकी भरड आटे) आणि ५/८ व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश आटे) या दोन्हींना इंचाला ११ आटेच असतात, पण आट्यांचा कोन पहिल्यात ६० अंश आणि दुसऱ्यात ५५. एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि माणूस फसतो. आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत, सगळा भार एका बारीक रेषेवर येतो आणि ठोक्याखाली आटे सोलून निघतात. दांडा अर्ध्या इंच व्यासाचा असेल तर ओळखणे सोपे: इंचाला यूएनसीला १३, व्हिटवर्थला १२, यूएनएफला २०. घरच्या घरी करता येणारी खात्रीची परीक्षा अशी की ज्याचे माप माहीत आहे असा चांगला बोल्ट दांड्याला समांतर, आट्यांत आटे बसतील असा टेकवून दोन्ही उजेडाकडे धरायचे. १५-२० मिमी लांबीत कुठेही उजेडाची फट दिसली नाही तर पिच तीच. त्यानंतर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

माप कळले की शोधणे सोपे होते. टोकाला एम १६ आटे असतील तर त्याच पिचचा आय नट आणि डी शॅकल लावले की साखळी ओढण्याची अटॅचमेंट तयार झाली. लांब षटकोनी कपलिंग नट हा तर आयता अडॅप्टरच. जुन्या तीन-जबड्यांच्या पुलरचे जबडे, निकामी व्हील हबचे स्टड (आटे पाडलेले दांडे), ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, मोठे बोल्ट, जुना अ‍ॅक्सल शाफ्ट, हे सगळे भंगारातून उचलण्यासारखे. बोल्टच्या डोक्यावरचा ग्रेड पाहूनच घ्यावा. डोक्यावर काहीच नसेल तर तो साधा समजावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा चकचकीत दांडा मात्र मोहात पाडतो आणि फसवतो. त्याचा पृष्ठभाग कडक केलेला आणि क्रोमचा थर चढवलेला असतो. टॅप-डाय (आतले आणि बाहेरचे आटे कापायची हत्यारे) त्यावर चालत नाही, आणि वेल्ड केले तर सांध्याच्या कडेला तो तडकतो. क्रोम न काढता वेल्ड केल्यास निघणारा धूर फुप्फुसांना घातक असतो. सरकत्या वजनाचा मार्ग म्हणून तो दांडा उत्तम, अटॅचमेंटसाठी नको.

अटॅचमेंटचा पोलाद कडक असावा हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. ठोका सहन करायला कडकपणापेक्षा चिवटपणा लागतो. कानसीचा किंवा ड्रिल बिटचा पोलाद कडक असतो, पण ठोक्याला काचेसारखा फुटतो आणि तुकडा थेट डोळ्यांकडे येतो. अडॅप्टर, प्लेट आणि हुक यांच्यासाठी ईएन ८ (मध्यम कार्बनचा पोलाद) पुरेसा आहे. बारीक जबड्यांना ईएन १९ किंवा ईएन २४ हा मिश्र पोलाद घ्यावा, तोही कडक-मृदू करून आलेला तयार. माइल्ड स्टील प्लेटला चालते, पण आट्यांना लवकर हार मानते.

सैल अटॅचमेंट काम का बिघडवते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. २ किलोचे वजन सेकंदाला ४ मीटर वेगाने अडसरावर आदळले तर त्यात १६ ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीत थांबली तर सरासरी बल ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. तीच ऊर्जा पट्टी वाकण्यात आणि ढिले आटे दबण्यात दोन मिलिमीटर जिरली, तर बल ८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ०.८ टन. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा हीच. हात तोच, वजन तेच, आणि बेअरिंगपर्यंत पोचते चौथाई. म्हणून अटॅचमेंट आखूड, जाड आणि सरळ रेषेत हवी, आणि प्रत्येक सांधा चेक नटने (सांधा सुटू नये म्हणून लावलेल्या जादा नटने) आवळलेला हवा. कान दिला तर सांधा सैल झाल्याचे लगेच कळते. घट्ट जोडाचा ठोका ठणठणीत, एकच वाजतो. सांधा सुटू लागला की त्यामागे बारीक खणखण येते. ती ऐकू आली की थांबून आवळायचे.

आता अडॅप्टर. दांड्यावर ५/८–१८ आहे आणि पुढे एम १२ हवा, असे धरू. २८ मिमी व्यासाचा ईएन ८ बार, ६५ मिमी लांब. लेथवर दोन्ही तोंडे फेस करा, सेंटर ड्रिल मारा. एका बाजूने आधी ८ मिमी, मग १४.५ मिमी ड्रिल, पूर्ण व्यासाची खोली २६ मिमी. एम १६ पिच १.५ लाही १४.५ मिमीच ड्रिल लागते, म्हणून मापाबद्दल थोडीही शंका असली तर टॅप मारण्याआधी पुन्हा मोजा. भोक दोघांचे तेच, टॅप नाही. तोंडाला १६.५ मिमीपर्यंत चेंफर (तिरपी कड) द्या, नाहीतर पहिला आटा वर उचलला जातो आणि अडॅप्टर दांड्याच्या खांद्यावर सपाट टेकत नाही. तीन टॅपांचा संच क्रमाने वापरा, कटिंग ऑइल भरपूर, अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे. पूर्ण आटे किमान २०-२२ मिमी खोल हवेत. स्थिर भाराला व्यासाइतकी पकड पुरते. ठोक्याला दीडपटीकडे झुकलेले बरे.

दुसऱ्या बाजूने १०.२ मिमी ड्रिल, पूर्ण खोली २२ मिमी, आणि एम १२ टॅप. ड्रिलच्या अणकुचीदार टोकांचे अनुक्रमे चार आणि तीन मिमी धरले तर मध्ये नऊ-दहा मिमी भरीव भाग उरतो. या बाजूला बाहेरचे आटे बारवरच कापण्याचा मोह टाळावा. तिथे ८.८ ग्रेडचा सुटा स्टड चेक नटसह लावावा. वाकणार किंवा तुटणार तो स्टडच, आणि तो बदलायला दोन मिनिटे लागतात. अख्खा अडॅप्टर पुन्हा बनवायला अर्धा दिवस जातो. लेथ नसेल तर ड्रिल प्रेसवर हेच जमते, पण बार व्हाइसमध्ये काटकोनात उभा आहे ना हे गुण्याने दोन बाजूंनी पाहावे. दोन्ही भोकांच्या मध्यरेषा जुळल्या नाहीत तर प्रत्येक ठोका स्टडला वाकवतो आणि तो नटाच्या कडेलगतच्या आट्यात तुटतो. स्टड तुटण्याआधी त्या आट्याच्या बुडाशी केसाएवढी रेघ दिसते. आटे पुसून, तिरप्या उजेडात दांडा फिरवून पाहिले तर ती सापडते. दिसली की स्टड फेकून द्यावा.

टॅप मिळत नसेल तर त्या मापाचा तयार नट प्लेटला वेल्ड करण्याची पद्धत आहे. ती चालते, पण नट कुठल्या बाजूला लावला यावर सगळे अवलंबून. बहुतेक जण नट प्लेटच्या वरच्या बाजूला, हॅमरच्या दिशेने वेल्ड करतात. मग ओढ सगळी वेल्डवर येते आणि कधी ना कधी नट उखडून येतो. प्लेटला दांड्यापेक्षा अर्धा-एक मिमी मोठे भोक पाडावे, दांडा आरपार घालावा आणि नट पलीकडच्या बाजूला लावावा. ओढताना नट प्लेटवर दाबला जातो. वेल्डचे काम उरते ते नट फिरू न देण्याचे. दोन छोटे टाके पुरतात. पलीकडे जागा नसेल तर प्लेट आणि कामाच्या मध्ये बुश घालून जागा करावी. वेल्ड करण्याआधी नटावरचा जस्ताचा मुलामा घासून काढणे सक्तीचे समजा: जस्ताने वेल्डमध्ये छिद्रे पडतात आणि धुराने ताप येतो. नटात जुना बोल्ट फिरवून ठेवला की आट्यांवर शिंतोडे उडत नाहीत. वेल्ड आपोआप थंड होऊ द्यावा. पाण्यात बुडवला तर ईएन ८ ची कड ठिसूळ होते. जाड ईएन ८ ला आधी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत गरम करून, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडने वेल्ड करावे. ८.८ बोल्टचे डोके किंवा दांडा वेल्ड केला की त्याची उष्णताप्रक्रिया तिथे संपते. पुढे तो ८.८ राहत नाही.

सर्वांत जास्त अडते ते बंद भोकातल्या बेअरिंगपाशी: पलीकडून ठोकता येत नाही आणि बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये बुडालेली. इथे आतून फुगणारी अटॅचमेंट लागते. ६२०३ बेअरिंगचे उदाहरण घेऊ: बोअर, म्हणजे आतले भोक, १७, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२ मिमी. स्लीव्ह अशी वळवावी: बाहेरून १६.६ मिमी, टोकाला २ मिमी रुंदीची कड १८ मिमी व्यासाची, आतून १२.५ मिमी, म्हणजे भिंत साधारण दोन मिमी. मागच्या टोकाला जाड कॉलर ठेवून त्यात १०.५ मिमी भोक. कडेच्या बाजूने चार चिरा, प्रत्येकी निदान १ मिमी रुंद आणि ३५ मिमी लांब. प्रत्येक चिरेच्या शेवटी ३ मिमीचे भोक, म्हणजे चीर पुढे फाटत नाही. चार चिरांनी परीघ ४ मिमीने मिटू शकतो, म्हणजे व्यास सव्वा मिमीने कमी होतो. १८ ची कड १७ च्या बोअरमधून दाबून आत जाते ती यामुळेच. पाती जाड ठेवली, समजा ४ मिमीची, तर ती दबताना कायमची वाकतात आणि दुसऱ्या वेळी कड पकडत नाही. आतून एम १० चा ड्रॉ-बोल्ट, त्याच्या टोकाला शंकू, मोठा व्यास १४.५ आणि लहान ११ मिमी. शंकू आधी, स्लीव्ह मागोमाग, दोन्ही बेअरिंगमधून पार झाले की कॉलरवरचा नट आवळायचा. शंकू मागे येतो, पाती फाकतात, कड रिंगमागे बसते. ड्रॉ-बोल्टचा उरलेला भाग अडॅप्टरमध्ये. हॅमरची ओढ शंकूवरूनच जाते, म्हणून जितके जोरात ओढाल तितकी पकड घट्ट. या रचनेला बेअरिंगमागे दहा-बारा मिमी मोकळी जागा लागते, हे आधी तपासा.

घाईच्या कामाला भिंतीत वापरतात तो स्लीव्हचा अँकर बोल्ट चालतो. एम ८ बोल्टच्या अँकरची स्लीव्ह साधारण १० मिमी, एम १० ची १२ मिमी आणि एम १२ ची १६ मिमी. बोअरपेक्षा अर्धा-एक मिमी बारीक स्लीव्ह निवडावी, म्हणजे १७ च्या बोअरला १६ ची. जास्त फरक असेल तर ती फुगूनही निसटते. त्याला कड नसते, पकड फक्त घर्षणाची, म्हणून वर्षानुवर्षे गंजलेल्या बेअरिंगला तो पुरत नाही.

डाय-मोल्डच्या लोकांचे काम तुलनेने सुखाचे, कारण साच्याचे भाग एका रेषेत ठेवणाऱ्या, आतून आटे असलेल्या डॉवेल पिनांची मापे ठरलेली आहेत. ६ मिमी पिनला एम ४, ८ ला एम ५, १० आणि १२ ला एम ६, १६ ला एम ८, २० ला एम १०. पाच सुट्या स्टडांचा एक संच केला की जवळजवळ सगळे भागते. चूक होते ती वजन निवडताना. ८.८ ग्रेडचा एम ४ स्टड ७ किलोन्यूटनला तुटतो, एम ६ सुमारे १६ ला आणि एम १० साधारण ४६ ला. वर काढलेल्या हिशेबाशी ताडून पाहा: २ किलोच्या हॅमरने एम ६ वर पूर्ण लांबीचा ठोका मारणे म्हणजे स्टड पिनमध्ये तोडून ठेवणे, आणि मग तो काढायचे नवे काम. एम ६ पर्यंत अर्ध्या किलोचे वजन आणि आखूड ठोके. स्टड पिनमध्ये बुडापर्यंत फिरवून मग पाव फेरी मागे घ्यावा, म्हणजे तो तळाशी अडकून बसत नाही.

अ‍ॅक्सल शाफ्टच्या फ्लँजला किंवा ड्रमला प्लेट लागते. १२ मिमी जाड प्लेट, स्टडच्या वर्तुळावर भोके, एम १२ स्टडला १४ मिमीची. चार स्टडचे वर्तुळ समोरासमोर सरळ मोजता येते. पाच स्टडचे येत नाही आणि तिथेच प्लेटा चुकतात. शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर ०.५८८ ने भागा, किंवा एक सोडून पुढच्या स्टडपर्यंतचे अंतर ०.९५१ ने भागा. शेजारचे अंतर ६७.२ आणि एक सोडून १०८.७ मिमी आले तर वर्तुळ ११४.३ मिमी. दोन्हींनी मोजून उत्तर एकच आले तरच ड्रिल लावावे. भोकांऐवजी मध्याकडे जाणाऱ्या लांबट खाचा पाडल्या तर एकच प्लेट दोन-तीन वर्तुळांना चालते, पण मग प्रत्येक नटाखाली जाड वॉशर हवा. पाच स्टड असतील तर पाचही लावा. दोन-तीन शेजारच्या स्टडांवर ओढले की फ्लँज तिरका येतो आणि शाफ्ट आतच आवळतो.

हुक दिसायला सगळ्यात सोपा आणि उघडायलाही. ओढ हुकच्या तोंडाशी आणि दांडा बाजूला, त्यामुळे तो वाकण्याच्या भाराखाली असतो. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते: १२ मिमीऐवजी १६ घेतला तर जवळपास २.४ पट. लाल-नारिंगी तापवून, आतली त्रिज्या दांड्याच्या व्यासाच्या दीडपट ठेवून वाकवावा आणि हवेत थंड होऊ द्यावा. थंडच वाकवलेल्या हुकला तडा जाऊ शकतो.

ऑइल सील काढायला हुकपेक्षा स्क्रू चांगला. सीलच्या पत्र्याच्या भागावर समोरासमोर दोन भोके, ३ मिमीची, आणि त्यांत ४ मिमीचे सेल्फ-टॅपिंग स्क्रू, आलटून पालटून ओढायचे. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा आत पडत नाही, आणि चार-पाच मिमीवर टेप गुंडाळून खूण करा. मागे लगेच बेअरिंग असते. गाडीच्या पत्र्यातला पोचा काढताना स्क्रूची पद्धत मात्र आता सोडावी. प्रत्येक भोक हे पुढच्या गंजाचे तोंड. पिन वेल्ड करून ओढणे आणि नंतर ती घासून टाकणे केव्हाही बरे.

व्हाइस ग्रिपला (पकडून लॉक होणाऱ्या पकडीला) मागे अडॅप्टर जोडला तर तुटका स्टड, पत्र्याची कड, वाकडी पिन, काहीही पकडता येते. मागचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू काढून त्याचे आटे मोजा आणि त्याच आट्यांचा लांब स्टड लावा. वेल्डपेक्षा हे सरस, कारण पक्कड जशीच्या तशी राहते आणि स्प्रिंगला उष्णता लागत नाही.

हे हत्यार कुठे वापरू नये, हेही सांगायला हवे. जे बेअरिंग परत बसवायचे आहे ते आतल्या रिंगला धरून, बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये घट्ट असताना ओढले तर प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात. असे बेअरिंग फिरवून पाहिले तर ठीक वाटते आणि काही दिवसांत घरघरते. ते पुन्हा वापरू नये. क्रँकशाफ्टवरची पुली, मॅग्नेटो आणि मोटारीचा आर्मेचर यांना स्क्रूचा पुलरच लावावा. तिथे ठोका थ्रस्ट बेअरिंगवर आणि चुंबकांवर जातो.

दहा-बारा पूर्ण ठोक्यांत वस्तू केसभरही हलली नाही तर जोर वाढवू नका. बहुधा मळाखाली सर्कलिप (बेअरिंग अडवणारी खाचेतली कडी) दडलेली असते, किंवा कडेला पंच मारून बेअरिंग बंद केलेले असते. ते नसेल तर उष्णता. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ४२ मिमीच्या बोअरमधले हाउसिंग आणि बेअरिंग दोन्ही ८० अंशांनी तापले तरी फरक जवळजवळ ०.०४ मिमी पडतो, आणि बरेचदा घट्टपणा तेवढाच असतो. हॉट एअर गनने हाउसिंग सगळीकडून सारखे तापवावे. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर ते वाकते.

चष्मा हवाच. वजन पकडलेल्या हाताची बोटे वजनाच्या मागच्या कडेबाहेर येता कामा नयेत. तळव्याची कातडी वजन आणि अडसराच्या मध्ये चिमटली जाते, आणि सैल हातमोजा ती चिमट आणखी वाढवतो. दांड्याच्या मागच्या रेषेत कुणीही उभे राहू नये. अटॅचमेंट सुटली की दांडा त्याच रेषेत जातो.

आता उत्पादकांकडे मागणी. दांड्याच्या चपट्या भागावर व्यास, पिच आणि प्रकार, एवढ्या तीन गोष्टी पंचाने मारायला यंत्रावर फारसा वेळ लागत नाही. खोक्यावर ‘युनिव्हर्सल’च्या जागी तेच माप छापावे. अटॅचमेंट सुट्या विकल्या जातात तिथे प्रत्येकीवर तिचे आटे आणि तिला चालणारे जास्तीत जास्त वजन कोरलेले असावे. एम ६ ची अटॅचमेंट ५ किलोच्या हॅमरला लावणारा माणूस निष्काळजी असतो असे नाही, त्याला कुणी सांगितलेलेच नसते. फिटरच्या अभ्यासक्रमात टॅप-डायचा सराव असतोच. त्या सरावाचा जॉब म्हणून निरुपयोगी ठोकळ्याऐवजी वर दिलेला अडॅप्टर करून घेतला तर शिकणारा माणूस तो खिशात घालून कामावर जाईल. आणि ज्यांच्याकडे जुना, बेनावाचा दांडा पडलेला आहे त्यांनी तो आजच स्वच्छ करून मोजावा, आणि सापडलेले माप अंकांच्या पंचांनी स्वतःच त्यावर मारून ठेवावे. आट्यांवर नको, हँडलजवळच्या भागावर, म्हणजे वजन सरकताना ते घासले जाणार नाही.

आपला,
यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक